परदेशी विद्यापीठाचं पत्र आलं, आता उत्तर काय द्यायचं? नागपूरच्या विद्यार्थी-पालकांसाठी

फेब्रुवारी उजाडला की पोर्टलवर निकाल दिसायला लागतात. घरी पेढे येतात, पत्राचा स्क्रीनशॉट नातेवाइकांच्या ग्रुपवर जातो आणि पत्राचं दुसरं पान कुणी उघडतच नाही. कामाचा मजकूर नेमका तिथेच असतो: उत्तर कधीपर्यंत द्यायचं, डिपॉझिट किती, ते परत मिळणार की नाही, प्रवेशाला अटी कोणत्या. 'हो' म्हणायला पोर्टलवर एक बटण पुरतं. पण त्या बटणामागे बँक, विद्यापीठाचा परीक्षा विभाग आणि व्हिसा अशी रांग उभी असते, आणि त्या रांगेत प्रत्येक ठिकाणी दिवस मोडतात. म्हणून शेवटच्या तारखेपासून मागे मोजत यायचं. हा लेख त्या मोजणीसाठी आहे.

आधी पत्र कोणतं आहे ते ओळखा

विभागातल्या प्राध्यापकाचा 'अभिनंदन, आम्ही तुमची शिफारस केली आहे' असा मेल आला तर आनंद माना, पण तो प्रवेश नव्हे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी विभाग शिफारस करतो आणि प्रवेश ग्रॅज्युएट स्कूल किंवा ॲडमिशन ऑफिस देतं. त्या कार्यालयाचं पत्र पोर्टलवर येईपर्यंत कर्जाला, व्हिसाला, शिष्यवृत्तीला काहीच चालत नाही.

बिनशर्त ऑफर असेल तर प्रश्न फक्त पैशाचा आणि निवडीचा उरतो. सशर्त ऑफर मात्र शब्दन् शब्द वाचा. 'अंतिम पदवी गुणपत्रक ३१ जुलैपर्यंत' अशी अट असेल तर राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाची उन्हाळी परीक्षा, तिचा निकाल आणि ट्रान्सक्रिप्ट या तिन्ही गोष्टी त्या तारखेआधी बसतात का ते बघा. बसत नसतील तर 'बघू पुढे' म्हणून ऑफर स्वीकारू नका. ॲडमिशन ऑफिसला आत्ताच विचारा: प्रोव्हिजनल डिग्री सर्टिफिकेट चालेल का? प्राचार्यांच्या सहीचं, शेवटच्या सेमिस्टरची परीक्षा दिल्याचं आणि निकालाचा अपेक्षित महिना सांगणारं पत्र चालेल का? मूळ डिग्री तर दीक्षान्त समारंभानंतरच हातात येते, तिची वाट बघायला कुणी सांगत नाही. बहुतेक ठिकाणी तारीख वाढवून मिळते, पण मार्च-एप्रिलमध्ये मागितली तर. ऑगस्टमध्ये मागणाऱ्याला उत्तर यायलाच आठवडा जातो. व्हीएनआयटीसारख्या संस्था आणि स्वायत्त महाविद्यालयांचे निकाल व ट्रान्सक्रिप्ट संस्थेतूनच निघतात, त्यांचं काम तुलनेनं सोपं. डिग्रीवर मात्र कुणाची मोहोर असणार हे स्वायत्त महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात आधी विचारून ठेवा. शेवटच्या वर्षाला बॅक असेल तर तेही लपवू नका. अट मोडल्याचं कळलं की ऑफर तिथेच संपते.

यांखेरीज चार प्रकारची पत्रं येतात. प्रवेश आहे पण फंडिंग नाही. मागितलेला कोर्स नाही, दुसरा देतो. या सत्रात नाही, जानेवारीत या. आणि वेटलिस्ट. दुसऱ्या कोर्सची ऑफर आली तर विषयांची यादी काढून बसा. नाव सारखं दिसलं तरी कोर्स मॅनेजमेंटचा आहे की तांत्रिक, हे विषयांवरून ठरतं. अमेरिकेत तर पदवी कोणत्या कोडखाली नोंदलेली आहे त्यावर शिक्षणानंतर नोकरीसाठी मिळणारा काळ अवलंबून असतो: साधारणपणे १२ महिने, आणि स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीतल्या पदवीला त्यावर आणखी २४ महिने वाढवून मागता येतात.

पत्र उघडल्या उघडल्या एक तपासणी करा: नाव. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. 'देशमुख साक्षी प्रमोद' असं मार्कशीटवरून उतरवून अर्ज भरला असेल तर विद्यापीठाच्या नोंदीत तुमचं नाव 'देशमुख' आणि आडनाव 'प्रमोद' होऊन बसतं. ऑफर लेटरवर ही चूक निव्वळ टायपिंगची वाटते. पण तीच पुढे आय-२० किंवा सीएएसवर (व्हिसासाठी विद्यापीठ देतं ते प्रवेशपत्र, अनुक्रमे अमेरिकेचं आणि ब्रिटनचं) उतरली की व्हिसा अर्जाशी जुळत नाही आणि कागद नव्यानं काढावा लागतो. पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत जोडून आजच मेल करा. दोन ओळींचं काम आहे.

तारखांचा तक्ता, आणि तोही आपल्या घड्याळात

एका कागदावर किंवा शीटमध्ये प्रत्येक विद्यापीठासमोर एवढं लिहा: उत्तराची शेवटची तारीख व वेळ, डिपॉझिट, परताव्याची अट, पहिल्या वर्षाचा एकूण खर्च, मिळालेली सूट किंवा शिष्यवृत्ती, उरलेल्या अटी, आणि प्रश्न विचारायचा मेल पत्ता. पाच-सहा पोर्टल आणि त्यांचे पासवर्ड हे सगळं डोक्यात ठेवू गेलं की हमखास एक तारीख निसटते.

वेळ भारतीय घड्याळात लिहा. एप्रिलमध्ये न्यूयॉर्कची रात्री ११.५९ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे ९.२९, टेक्सास-शिकागोकडची म्हणजे १०.२९, कॅलिफोर्नियाची म्हणजे दुपारचे १२.२९. ब्रिटनची उन्हाळ्यातली रात्री ११.५९ आपल्या पहाटे ४.२९ला येते. पत्रात 'संध्याकाळी ५' असेल तर न्यूयॉर्कच्या हिशेबानं ते आपले रात्रीचे अडीच. हा हिशेब बटण दाबण्यापुरता. पैशाचं गणित यापेक्षा कितीतरी आधी संपलेलं असावं लागतं.

अमेरिकेत दोन तारखा सगळ्यांच्या तोंडी असतात. पदवीपूर्व प्रवेशाला बहुतेक कॉलेजं १ मेपर्यंत उत्तर मागतात. मास्टर्स-पीएचडीला १५ एप्रिल. पण ही दुसरी तारीख सरसकट लागू नाही. कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सच्या ठरावावर सह्या केलेली विद्यापीठं फेलोशिप, असिस्टंटशिपसारखी आर्थिक मदत देऊ करताना १५ एप्रिलच्या आत उत्तराची सक्ती करत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. स्वतःच्या खर्चानं जाणाऱ्या मास्टर्सच्या विद्यार्थ्याला विद्यापीठ १५ मार्चही देऊ शकतं, आणि त्यात नियमभंग काही नाही. फंडिंग असलेल्या ऑफरला कुणी मार्चमध्येच 'दोन दिवसांत कळवा' म्हणत असेल तर ते विद्यापीठ ठरावाच्या यादीत आहे का ते बघा आणि नम्रपणे त्या ठरावाचा उल्लेख करून मुदत मागा.

आता नागपूरचं कॅलेंडर समोर ठेवा. १४ एप्रिल, डॉ. आंबेडकर जयंती, बँका बंद. १ मे, महाराष्ट्र दिन, बँका बंद. १ एप्रिलला बँकांच्या वार्षिक हिशेबामुळे काउंटरचं काम होत नाही. दुसरा-चौथा शनिवार आणि रविवार वेगळे. म्हणजे १५ एप्रिलचं डिपॉझिट १३ला पाठवू म्हणणारा आणि १ मेचं ३० एप्रिलला पाठवू म्हणणारा, दोघेही अडकणार. परदेशी रक्कम पोचायला कामाचे दोन ते चार दिवस धरा आणि शेवटच्या तारखेच्या किमान आठवडाभर आधी बँकेत जा.

निवड करताना

रँकिंग बघायला हरकत नाही, पण पहिला आकडा एकूण खर्चाचा मांडा. शिकवणी शुल्क, राहणं-खाणं, विमा, प्रवास, मग त्यातून शिष्यवृत्ती वजा. समजा शुल्क ३२,००० डॉलर, राहणं-खाणं १६,००० आणि विमा-इतर २,५००. एकूण ५०,५०० डॉलर. डॉलर ९० रुपये धरला तर ४५ लाख ४५ हजार, आणि हे एका वर्षाचं. कोर्स दोन वर्षांचा असेल तर दुसऱ्या वर्षीची फी वाढलेली आणि रुपया बहुधा घसरलेला असणार. त्या ठिकाणी शिकणाऱ्या दोघा-तिघांना विद्यापीठाच्या भारतीय विद्यार्थी गटातून गाठा आणि नेमकं विचारा: घरभाडं किती, कॅम्पसवर काम मिळायला किती महिने लागले, गेल्या वर्षीच्या तुकडीतल्या किती जणांना इंटर्नशिप लागली. 'युनिव्हर्सिटी कशी आहे?' या प्रश्नाला सगळे 'मस्त आहे' असंच उत्तर देतात.

धरमपेठ-लक्ष्मीनगरातल्या काउन्सेलरबद्दल एक स्पष्ट सांगायला हवं. 'आमची सेवा मोफत आहे' असं जिथे सांगतात तिथे पैसा बहुतेक वेळा विद्यापीठाकडून कमिशन म्हणून येतो. त्यात बेकायदेशीर काही नाही आणि कागद लावून घ्यायला अशी माणसं उपयोगीही पडतात. पण पाच ऑफरपैकी कोणती घ्यायची हा सल्ला त्यांच्याकडून घेताना, कोणत्या विद्यापीठाशी त्यांचा करार आहे हे तोंडावर विचारा. पोर्टलचा पासवर्ड आणि नोंदवलेला मेल पत्ता तुमचाच असू द्या. काउन्सेलरच्या मेलवर गेलेलं वेटलिस्टचं पत्र तुमच्यापर्यंत पोचेल तेव्हा तारीख उलटलेली असू शकते.

शिष्यवृत्ती वाढवून मागता येते. भाजीबाजारातली घासाघीस मात्र इथे चालत नाही. दुसऱ्या, तोडीच्या विद्यापीठानं जास्त मदत दिली असेल तर ते पत्र जोडा, तुम्हाला इथेच का यायचं आहे हे दोन वाक्यांत लिहा, नेमकी किती रक्कम मिळाली तर लगेच होकार देऊ शकता ते सांगा, आणि उत्तराच्या तारखेच्या दोन आठवडे आधी पाठवा. एकदाच. मिळालेली रक्कम पत्रात लेखी आल्याशिवाय धरू नका.

सरकारी शिष्यवृत्तीचा विचार असेल तर ऑफरचा प्रकार निर्णायक ठरतो. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिला बिनशर्त ऑफर लागते. त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीत रँकिंगची, वयाची आणि उत्पन्नाची अट असते, ती मागच्या वर्षीच्या माहितीवर धरू नका. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आणि राज्याची इतर मागास, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठीची योजना वेगळी आहे. या योजनांचा निकाल बरेचदा विद्यापीठाच्या डिपॉझिटच्या तारखेनंतर लागतो. अशा वेळी विद्यापीठाला लिहा: सरकारी प्रायोजकत्वासाठी अर्ज केला आहे, अर्जाची पावती जोडली आहे, डिपॉझिट माफ किंवा पुढे ढकलता येईल का? प्रायोजित विद्यार्थ्यांना ही सवलत देणारी विद्यापीठं बरीच आहेत, पण विचारल्याशिवाय कुणी देत नाही.

कर्ज: आखीव पत्रिकेपासून सुरुवात

सगळ्यात जास्त दिवस इथे जातात. तेव्हा कर्जाची फाइल पहिल्या ऑफरवरच उघडा, मग अखेर जाल दुसरीकडे तरी चालेल. बँका बहुतेक वेळा विद्यापीठाचं नाव बदलून घेतात, फक्त नवं पत्र आणि नवं शुल्कपत्रक द्यावं लागतं.

बँकांच्या आदर्श शिक्षणकर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. त्यावर सरकारी बँक सहसा मालमत्ता मागते. नामांकित परदेशी विद्यापीठांसाठी काही बँकांच्या बिनतारण योजनाही आहेत, तुमचं विद्यापीठ त्यांच्या यादीत आहे का ते आधी विचारा. परदेशी शिक्षणाच्या खर्चात साधारण १५ टक्के वाटा तुमचा असतो, त्याला मार्जिन म्हणतात. ४५ लाखांच्या खर्चात पावणेसात लाख घरचे, हे आधीच धरून ठेवा. शिष्यवृत्ती बहुधा या वाट्यात मोजली जाते.

नागपुरात तारणाची फाइल कशावर अडते ते नीट बघा. विक्रीपत्र असतं, मनपाची घरकराची पावती असते, पण आखीव पत्रिकेवर, म्हणजे भूमी अभिलेखाच्या मालकी उताऱ्यावर, अजून आजोबांचंच नाव. वारसनोंद करायला भूमी अभिलेख कार्यालयात आठवडे जातात, तेव्हा डिसेंबर-जानेवारीतच उतारा काढून बघा. गुंठेवारीतला प्लॉट असेल तर नागपूर सुधार प्रन्यासाचं (नासुप्र) आरएल लेटर, म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं पत्र लागतं. 'डिमांड भरली आहे' एवढं पुरत नाही, बँकेला पत्रच हवं. मंजूर नकाशा एक मजल्याचा आणि घर दोन मजली असेल तर मूल्यांकन करणारा वरचा मजला धरतच नाही, आणि कर्जाची रक्कम तेवढी खाली येते. नझूलची किंवा नासुप्रच्या लीजची जागा असेल तर भाडेपट्टा चालू आहे का आणि गहाण ठेवायला परवानगी मिळाली का, हे दोन प्रश्न येणारच. शेतजमीन सहसा चालत नाही. काटोल-नरखेडची संत्र्याची बाग कितीही मोलाची असो, सरफेसी कायद्यानं बँकेला शेतजमीन जप्त करून विकता येत नाही, म्हणून ती तारणात घेत नाहीत. अकृषक झालेला प्लॉट वेगळा.

बँकेच्या पॅनेलवरचा वकील साधारण तीस वर्षांचा मालकीचा शोध घेतो, मग मूल्यांकन, मग मंजुरी. सगळे कागद पूर्ण असले तरी तीन-चार आठवडे सहज जातात. सहकर्जदाराची तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, नोकरी असेल तर फॉर्म १६ आणि पगारपत्रकं पहिल्याच भेटीत द्या. शाखेत 'आय-२० आणा, मग बघू' असं सांगितलं आणि विद्यापीठ म्हणालं 'पैशाचा पुरावा द्या, मग आय-२०', तर गोंधळू नका. मंजुरीपत्र ऑफर लेटर आणि शुल्कपत्रकावर मिळतं. आय-२० रक्कम सोडण्याच्या वेळी लागतो. शाखेत हे कुणाला ठाऊक नसेल तर शिक्षणकर्जं हाताळणाऱ्या प्रोसेसिंग सेलमध्ये थेट बोला.

पैशाचा पुरावा म्हणून विद्यापीठाला हातात येऊ शकणारे पैसेच दाखवायचे असतात: बचत खातं, मुदत ठेव, कर्जाचं मंजुरीपत्र. घराची किंमत, दागिने, पीएफची शिल्लक यांवर सहसा आय-२० निघत नाही. बँकेचं पत्र इंग्रजीत, शिक्का-सहीसह, खातेदाराचं नाव आणि तारीख असलेलं घ्या. तारीख तीन-सहा महिन्यांपेक्षा जुनी नको. खातं काका-मामाचं असेल तर त्यांचं मदतीचं हमीपत्रही जोडा. आणि पुरावा दाखवायला कुणाकडून चार दिवसांसाठी दहा लाख खात्यात टाकून घेऊ नका. स्टेटमेंटमध्ये ती रक्कम डोळ्यात भरते आणि व्हिसाच्या खिडकीवर तिचाच प्रश्न येतो.

डिपॉझिट पाठवताना

मार्ग तीन: क्रेडिट कार्ड, विद्यापीठानं ठरवलेली पेमेंट सेवा, किंवा बँकेतून स्विफ्टनं (बँकांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यातून) वायर. पेमेंट सेवेत रुपयांत रक्कम दिसते, दर आणि शुल्क त्यातच, म्हणून लहान डिपॉझिटला ती बरी. वायरला बँकेत ए-२ फॉर्म, पॅन, ऑफर लेटर आणि विद्यापीठाचा खाते-तपशील लागतो. इथे एक घोळ दरवर्षी होतो. ५०० डॉलर पाठवले, वाटेतल्या बँकेनं १५-२५ डॉलर कापले, विद्यापीठाकडे ४८० पोचले आणि पोर्टलवर डिपॉझिट 'अपूर्ण'. म्हणून फॉर्मवर सगळे शुल्क पाठवणाऱ्याकडे, म्हणजे 'अवर' हा पर्याय निवडा. 'शेअर्ड' नको. संदर्भाच्या रकान्यात विद्यार्थी क्रमांक घाला, नाहीतर पैसे पोचतात पण कुणाचे ते विद्यापीठाला कळत नाही. बँकेकडून स्विफ्टची प्रत मागून घ्या आणि ती पोर्टलवर चढवा.

परदेशी रक्कम पाठवण्याची मर्यादा एका आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलर आहे. टीसीएसचं, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक कापते त्या कराचं, म्हणाल तर १ एप्रिल २०२५पासून एका आर्थिक वर्षात दहा लाख रुपयांपर्यंतच्या रकमेवर तो नाही, आणि बँकेच्या शिक्षणकर्जातून गेलेल्या पैशांवरही नाही. स्वतःच्या खात्यातून दहा लाखांवर गेलं तर वरच्या रकमेवर कापतात. पॅनवर जमा होतो, विवरणपत्र भरताना वळता करून घ्यायचा. त्यामुळे मोठी फी वडिलांच्या एकाच खात्यातून पाठवण्याऐवजी आई-वडील दोघांच्या पॅनवर विभागली तरी चालते, कागद मात्र दोघांचेही द्यावे लागतात.

हो कुणाला, नाही कुणाला

एकाच ठिकाणी हो म्हणा. दोन विद्यापीठांत डिपॉझिट भरून 'व्हिसा जिथला मिळेल तिथे जाऊ' हा सल्ला सर्रास दिला जातो. अमेरिकेतल्या पदवीपूर्व प्रवेशात तो थेट नियमाविरुद्ध समजतात आणि कळलं तर दोन्ही जागा जाऊ शकतात. मास्टर्सला तेवढं कडक नसतं, पण डिपॉझिट बहुतेक वेळा परत मिळत नाही हे लक्षात ठेवा. ब्रिटनमध्ये पदवीपूर्व अर्ज यूकास या सामाईक प्रवेश-पोर्टलमधून असेल तर पद्धतच वेगळी: एक ऑफर 'फर्म', एक 'इन्शुरन्स' म्हणून राखीव, बाकी सगळ्या नाकारायच्या. इन्शुरन्ससाठी फर्मपेक्षा कमी गुणांची अट असलेली ऑफर निवडा, तेवढ्याच गुणांची निवडली तर तिचा उपयोग काय?

हो म्हटल्यावर पोर्टलचा पुष्टीचा पडदा आणि मेल पीडीएफ करून ठेवा. मग बाकीच्यांना त्याच आठवड्यात नकार कळवा. पोर्टलवर 'डिक्लाइन'चा पर्याय असतो. प्राध्यापकाशी बोलणं झालं असेल तर त्यांना वेगळा मेल: आभार, दुसरीकडे जात आहे, शुभेच्छा. तीन वाक्यं, कारण न सांगितलं तरी चालतं. नकार न कळवता गप्प राहणारे पुष्कळ. त्यांच्या जागेवर वेटलिस्टवरचा कुणीतरी, कदाचित तुमच्याच कॉलेजचा, थांबलेला असतो.

वेटलिस्ट, नकार, पुढच्या वर्षी

वेटलिस्टवर राहायचं असेल तर आधी पोर्टलवर तसं कळवावं लागतं, आपोआप कुणी राहत नाही. मग एक पानाचं पत्र: अजून यायची इच्छा आहे, अर्जानंतर नवं काय झालं, आणि जागा मिळाली तर नक्की येणार असाल तरच तसं लिहा. दर आठवड्याला मेल करणाऱ्याचं नाव लक्षात राहतं, पण चांगल्या अर्थानं नाही. दरम्यान हातातल्या ऑफरचं डिपॉझिट भरून टाका. वेटलिस्ट उघडली तर ते पैसे सोडून द्यायचे, हा खर्च समजून घेऊनच वाट बघायची. आणि आपली एक तारीख ठरवा. जूनच्या अखेरीला जागा मिळून ऑगस्टच्या मध्याला वर्ग असतील तर नवा आय-२०, व्हिसाचा स्लॉट, कर्जाचं बदललेलं पत्र, एवढं सहा आठवड्यांत बसवणं अवघड. बहुतेकांसाठी मेअखेर ही शेवटची रेघ शहाणपणाची.

नकाराविरुद्ध अपील तेव्हाच, जेव्हा तथ्याची चूक असेल: गुणांचं रूपांतर चुकलं, एखादं मार्कशीट पोचलंच नाही. दहापैकी सीजीपीए त्यांनी चारपैकी समजला, अशीही प्रकरणं होतात. निकाल पटला नाही म्हणून केलेलं अपील वाया जातं.

प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलता येतो, पण तो हक्क नाही. शिष्यवृत्ती बरेचदा पुढे जात नाही, फी नव्या वर्षाची लागते. डिपॉझिट भरल्यानंतरच विनंती स्वीकारणारी विद्यापीठं आहेत, तेव्हा क्रम आधी विचारा. मिहानमधल्या आयटी नोकरीत असाल तर नोटीसचा हिशेब इथेच करा. ९० दिवसांची नोटीस आणि २० ऑगस्टला वर्ग म्हणजे मेच्या मध्याला राजीनामा, म्हणजे बहुधा व्हिसाच्या आधी. नोटीस पैसे भरून कमी करता येते का ते करारात बघा. येत असेल तर व्हिसानंतर राजीनामा देणं सुरक्षित.

होकारानंतर: देशागणिक

अमेरिका: आय-२० आता मेलवर पीडीएफ येतो. त्यावर सही करा, नाव-जन्मतारीख-रक्कम तपासा. मग सेविसचे (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद) ३५० डॉलर, डीएस-१६० हा व्हिसा अर्जाचा फॉर्म, व्हिसा शुल्क १८५ डॉलर, आणि स्लॉट. सेविस क्रमांक ज्या विद्यापीठात जाणार त्याचाच वापरा. भारतात कोणत्याही वकिलातीत मुलाखत घेता येते, त्यामुळे मुंबईत स्लॉट नसेल तर हैदराबाद बघा. नागपूरहून रस्त्यानं ते सुमारे ५०० किलोमीटर, मुंबई ८००च्या वर. बोटांचे ठसे वेगळ्या केंद्रात आणि बहुधा आदल्या दिवशी, म्हणून दोन दिवसांचा मुक्काम धरूनच तिकीट काढा. समाजमाध्यमांची खाती सार्वजनिक ठेवायला सांगतात, फॉर्ममध्ये गेल्या पाच वर्षांतली सगळी लिहा. वर्ग सुरू होण्याच्या ३० दिवसांपेक्षा आधी देशात शिरता येत नाही.

ब्रिटन: डिपॉझिट आणि अटी पूर्ण झाल्या की सीएएस येतो. खर्चाची रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते, एका दिवसासाठीही खाली गेली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. सहा महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्यांना क्षयरोग तपासणी लागते, आणि ती ब्रिटिश सरकारच्या यादीतल्याच क्लिनिकची. ओळखीच्या डॉक्टरचा एक्स-रे चालत नाही. काही तांत्रिक विषयांना एटास ही सरकारी सुरक्षा-मंजुरी वेगळी, ती आठवडे घेते.

जर्मनी: सरकारी विद्यापीठात डिपॉझिट क्वचितच, पण पोर्टलवरची स्वीकाराची मुदत लहान असते आणि ती चुकली की जागा जाते. एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागद तपासल्याचं) आधीच हातात हवं. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, वर्षाला ११,९०४ युरो. पत्रं जुलै-ऑगस्टमध्ये येतात आणि व्हिसाची भेट मिळायला वेळ लागतो, तेव्हा भेटीची नोंदणी ऑफरच्या आशेवरच सुरू करा.

कॅनडा: एसडीएस हा जलद मार्ग ८ नोव्हेंबर २०२४ला बंद झाला, जुने व्हिडिओ बघून त्याच्या भरवशावर राहू नका. बऱ्याच कोर्सना प्रांताचं संमतीपत्र लागतं आणि ते होकार-डिपॉझिटनंतर विद्यापीठामार्फत मिळतं. तुमच्या कोर्सला सूट आहे का हे ऑफर देणाऱ्या कार्यालयालाच विचारा.

ऑस्ट्रेलिया: ऑफर स्वीकारली, पहिली फी आणि आरोग्य विमा भरला की सीओई, म्हणजे प्रवेशनोंदणीचं पत्र येतं. व्हिसा त्यावर.

निघण्याआधी एक कागद घरी ठेवा. दीक्षान्त समारंभाची डिग्री किंवा उरलेली ट्रान्सक्रिप्ट तुमच्या वतीनं घ्यायला आई-बाबांच्या नावाचं सही केलेलं प्राधिकारपत्र, सोबत तुमच्या आणि त्यांच्या आधारच्या प्रती, परीक्षा-आसन क्रमांक आणि एनरोलमेंट क्रमांक. हे नसेल तर परीक्षा विभागाच्या खिडकीवरून त्यांना परत पाठवतात, आणि सही मागवायला तुम्ही तोवर दुसऱ्या खंडात असता.